ओबेदची आई

उत्तम शुक्रवारी, बारा ते तीन, मालवणीच्या आमच्या देवळात
पंखे मोठ्याने फिरतात, पाळकसाहेब चौथ्या शब्दाशी थकतात,
आणि मी खांबामागे बसतो,
जिथून दीनामावशीचा फक्त अंबाडा दिसतो.

तेरा वर्षांचा होतो. शाळा बुडवून तिघे अक्साला गेलो,
दप्तरं वाळूत, चपला दप्तरांवर.
ओहोटी आहे हे माहीत होतं. ओहोटी म्हणजे काय, ते नव्हतं.
कुणी चटई ओढावी तशी पायाखालची वाळू निघाली
आणि मी आईला नाही, देवालाही नाही,
'ओ भाऊ' अशी हाक मारली
किनाऱ्यावर कणीस खात उभ्या असलेल्या कुणालाही.

तो कुणीही ओबेद पगारे निघाला.
एकोणीस वर्षांचा. एकुलता एक.
दोघांना त्याने आणलं. तिसरा मी.
मला खडकाकडे ढकललं, खांद्याला धरून, जोरात,
शिवी देऊन. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.
लोकांना वाटतं, शेवटी त्याने प्रार्थना केली.

दीनामावशी शब्बाथ शाळेत शिकवायची.
योहान, तिसरा अध्याय, सोळावं वचन
प्रत्येक मुलाला तोंडपाठ हवं.
त्या वर्षापासून ते ती मुलांकडून म्हणवून घ्यायची
आणि स्वतः फळ्याकडे तोंड करून उभी राहायची,
हातात खडू, काही न लिहिता.

नोकरी लागली तेव्हा पाकीट घेऊन गेलो. पाचशे रुपये.
तिने मोजले, परत दिले,
'हप्ते पाडतोस का?' म्हणाली
आणि गवारीची भाजी वाढली. गवार मला आवडत नाही.
खाल्ली.

मुलगा झाला, त्याला दाखवायला नेला.
ओबेद नाव ठेवतो म्हणालो.
'नको. ते नाव वापरून झालंय.
ह्याला ह्याचं आयुष्य असू दे.'
मग बराच वेळ त्याच्या तळपायाला बोट लावत बसली.

एकदाच विचारलं, भांडी विसळताना:
मावशी, ते वचन तुम्ही ऐकता कसं?
तिने नळ बंद केला.
'मी नाही रे दिला. माझा गेला.
मला विचारलं असतं तर मी तुला बुडू दिलं असतं.
तिघांनाही. खोटं कशाला बोलू?
म्हणून तर मला कळतं, त्याने दिला म्हणजे काय केलं.
बाकीचे पाठ म्हणतात.'
नळ पुन्हा सुरू.

मी काही थोर माणूस झालो नाही.
गेट नंबर सातजवळ टायरचं दुकान. मध्ये दोन वर्षं दारू.
सख्ख्या भावाशी खोलीवरून कोर्ट.
एका जिवाच्या बदल्यात एवढंच?
पंक्चरची ट्यूब पाण्यात दाबून
बुडबुडे शोधताना हे हमखास आठवतं.

प्रभुभोजनाची थाळी आली की मी पुढे सरकवायचो.
अठरा वर्षं. कुणी काही बोललं नाही.
ह्या ईस्टरला मावशी खांबामागे येऊन बसली,
थाळी माझ्यापुढे धरली, हलवेना.
'मी लायक नाही,' कुजबुजलो.
'लायक असतास तर लागलंच नसतं.
घे लवकर, हात दुखतोय.'

नखाएवढा भाकरीचा तुकडा.
औषधाच्या झाकणाएवढा द्राक्षरस, गोड, फारच गोड.
घशात मात्र कुठूनसं खारट आलं.

आता रविवारी भक्ती संपली की अक्साला जातो.
दुकानातली जुनी ट्यूब फुगवून, दोरी बांधून.
पोरं लांब गेली की ओरडतो.
परवा एक जण पाण्यातूनच खेकसला,
'ए काका, समुद्र काय तुझ्या बापाचा आहे?'

मी जरा विचारात पडलो.
मग म्हटलं, हो.
बाहेर ये.